ड्रायव्हरने कुठले लॉक घ्यायचे आणि कुठले आधीच घेतलेले असतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत आहात. एआरएम बोर्डावरच्या १ गिगाबिट इथरनेट कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर तुम्ही स्वतः लिहिला आहे. ट्रॅफिक व्यवस्थित चालते. पण 'आयपी लिंक सेट इथ० डाउन' दिले की वीस-पंचवीस वेळांतून एकदा कमांड परत येतच नाही. सीरियल कन्सोल जिवंत असतो, बाकीचे प्रोग्रॅम चालू असतात, मात्र दुसऱ्या पोर्टला आयपी द्यायला गेलात तर तीही कमांड लटकते. वरिष्ठांनी सांगितले, "प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एकच स्पिनलॉक घे, शेवटी सोड, विषय संपला." तसे केल्यावर लॉगमध्ये 'शेड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक'चा, म्हणजे झोपायला मनाई असताना झोपल्याच्या तक्रारींचा, पाऊस सुरू झाला. आणि आता तुम्ही विचारताय, की नेटवर्क ड्रायव्हरमध्ये कुठे कुठला लॉक (एकच डेटा दोघांनी एकदम बदलू नये म्हणून घालायची कडी) लावायचा याचा काही पक्का नियम आहे का.

तो सगळीकडचा स्पिनलॉक आधी काढा. वरिष्ठांना वाईट वाटले तर सांगा, की कर्नलने हा प्रयोग स्वतःवर करून झाला आहे. १९९६ साली २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसर सांभाळायला 'बिग कर्नल लॉक' आणला, आणि त्याचे शेवटचे मूळ उपटायला २०११ उजाडले, २.६.३९ मध्ये. तुमच्याकडे तर अडचण वेगाचीही नाही, सरळ चुकीची आहे. तुमचे ओपन फंक्शन (पोर्ट चालू करणारे) फायशी, म्हणजे तारेवर सिग्नल घालणाऱ्या चिपशी बोलते, त्यासाठी एमडीआयओ बसवर जाते. त्या बसला स्वतःचा म्यूटेक्स आहे आणि तिथे झोप लागू शकते, म्हणजे प्रोसेसर सोडून वाट बघावी लागू शकते. स्पिनलॉक हातात धरून झोपायचे नसते. म्यूटेक्स म्हणजे डॉक्टरांकडे नंबर लावून बाकावर बसणे, डुलकी लागली तरी चालते. स्पिनलॉक म्हणजे संडासाच्या दारावर उभ्याउभ्या टकटक करणे. आतला माणूस झोपला, तर बाहेरच्याचे काय होणार ते चाळीत वाढलेल्याला सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. नेटवर्क कोअर, म्हणजे कर्नलचा नेटवर्क सांभाळणारा सामायिक भाग, तुमच्या फंक्शनला हाक मारतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात कुठला ना कुठला लॉक आधीच असतो. कुठल्या फंक्शनच्या वेळी कुठला, हे एकदा डोक्यात बसले की ड्रायव्हरमधले निम्म्याहून जास्त लॉक अनावश्यक ठरतात. मी नव्या मुलांचा कोड तपासतो तेव्हा प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळींची कॉमेंट मागतो: हाक कोण मारतो, आणि तेव्हा त्याच्या हातात काय असते. ज्याला ती कॉमेंट लिहिता येत नाही त्याच्या कोडमधले लॉक मी वाचतच नाही.

ओपन आणि स्टॉप (पोर्ट बंद करणारे फंक्शन) यांच्या वेळी कोअरने आरटीएनएल घेतलेला असतो. हा सबंध नेटवर्क कॉन्फिगरेशनचा सामायिक म्यूटेक्स. पोर्ट चालू करणे, बंद करणे, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलणे, पत्ता देणे, जवळजवळ सगळे त्याच्याखाली चालते. त्यामुळे ओपन चालू असताना स्टॉप येईल का, दोन ओपन एकदम येतील का, ही काळजी तुम्ही करायची नाही. झोपायलाही हरकत नाही. इथटूलच्या (पोर्टच्या सेटिंग बघायची-बदलायची कमांड) बहुतेक हाकाही याच म्यूटेक्सखाली येतात. अलीकडच्या कर्नलांत प्रत्येक पोर्टचा स्वतंत्र लॉकही आला आहे आणि काही ड्रायव्हरांसाठी तो आरटीएनएलच्या जोडीने घेतला जातो, पण तुमच्यासारख्या साध्या एका क्यूच्या (पॅकेट पाठवण्याच्या रांगेच्या) ड्रायव्हरला आज त्याचे ओझे नाही.

तुमची कमांड अडकते तिचे मूळ इथेच आहे. बाकी मशीन जिवंत आणि फक्त नेटवर्कच्या कमांडी मेलेल्या, अगदी दुसऱ्या पोर्टच्यासुद्धा, ही खूण आरटीएनएल कोणीतरी धरून बसल्याचीच. तुम्ही जोडलेल्या कोडच्या तुकड्यात स्टॉप फंक्शन 'कॅन्सल_वर्क_सिंक' करते. म्हणजे रीसेटचे काम वर्कक्यूत (मागाहून करायच्या कामांची रांग) चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबते. आणि रीसेटच्या कामाची पहिली ओळ काय आहे? 'आरटीएनएल_लॉक'. वॉर्ड ऑफिसातला साहेब म्हणतो, सही आणल्याशिवाय शिक्का देणार नाही. सही करणारा शिक्क्याची वाट बघत शेजारच्या टेबलावर बसलाय. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि तुमचा अर्ज तिथेच. वीस-पंचवीस वेळांतून एकदाच का? कारण स्टॉप येण्याच्या नेमक्या क्षणी रीसेटचे काम रांगेतून सुटलेले असावे लागते. तुमच्या बोर्डावर लिंक पडली की रीसेट सुटतो, म्हणून ही गाठ इतक्यांदा पडते. नाहीतर सहा महिन्यांनी ग्राहकाकडे पडली असती.

मात्र त्याच तुकड्यात दुसराही संशयित आहे. रीसेटमध्ये तुम्ही 'नॅपी_डिसेबल' करता (नॅपी म्हणजे पॅकेट गठ्ठ्याने हाताळण्याची कर्नलची यंत्रणा), मग नवी रिंग, म्हणजे पॅकेटांच्या नोंदींची गोलाकार यादी, मागता, आणि मेमरी मिळाली नाही तर मधूनच रिटर्न. नॅपी पुन्हा चालू न करताच. नंतर स्टॉप येतो आणि 'नॅपी_डिसेबल' दुसऱ्यांदा करतो. हे फंक्शन नॅपीच्या अवस्थेतला एक बिट मोकळा होण्याची वाट बघते आणि मग तो स्वतः धरून ठेवते. पहिल्या हाकेनेच तो धरलेला असेल तर दुसरी हाक जन्मभर वाट बघेल. लक्षण अगदी तेच दिसणार: स्टॉपच्या हातात आरटीएनएल, मागे सगळी रांग.

दोघांपैकी कोण, हे ओळखायचे कसे? १२० सेकंद थांबा. अडकलेल्या टास्कची तक्रार कर्नल स्वतःच लॉगमध्ये करतो, तेवढी त्याची ठरलेली मुदत आहे, अर्थात ती सोय कॉन्फिगमध्ये चालू असेल तर. इथे एक गंमत आहे, जी मला एकदा अर्धा दिवस फिरवून गेली. 'नॅपी_डिसेबल' सलग झोपत नाही, काही मायक्रोसेकंद झोपते, उठून बिट बघते, पुन्हा झोपते. तक्रार करणारा धागा मात्र बघतो की टास्क मध्ये एकदा तरी प्रोसेसरवर आली होती का. आली असेल तर त्याच्या लेखी ती अडकलेली नाही. त्यामुळे खरा गुन्हेगार यादीत येतच नाही, त्याच्यामागे आरटीएनएलसाठी ताटकळणारे निरपराध लोक तेवढे छापले जातात. तेव्हा यादीवर विसंबू नका, अडकलेल्या आयपी कमांडचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घेऊन 'प्रॉक'मधली त्याची 'स्टॅक' फाइल वाचा. वरच्या दोन-तीन ओळींत 'फ्लश_वर्क' दिसले तर पहिला संशयित, 'नॅपी_डिसेबल' दिसले तर दुसरा.

पहिल्याची दुरुस्ती अशी. रीसेटच्या कामाने आरटीएनएल घ्यायचाच, कारण ओपन-स्टॉपशी त्याची टक्कर दुसऱ्या कशाने टळणार नाही. घेतल्यावर लगेच 'नेटिफ_रनिंग' बघायचे, पोर्ट बंद झाला असेल तर काही न करता निघून जायचे. स्टॉपमधून 'कॅन्सल_वर्क_सिंक' हद्दपार करायचे आणि ते रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या) फंक्शनमध्ये न्यायचे, 'अनरजिस्टर_नेटडेव्ह'नंतर आणि 'फ्री_नेटडेव्ह'च्या आधी. तिथे आरटीएनएल तुमच्या हातात नसतो, पोर्ट बंद झालेला असतो, आणि काम सोडणारे सगळे, म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक), टायमर, वॉचडॉग (पाठवणी अडकली का ते बघणारा पहारेकरी), शांत झालेले असतात. रांगेत एखादे काम उरलेच तर ते येईल, 'रनिंग नाही' बघेल आणि जाईल. काही ड्रायव्हर 'आरटीएनएल_ट्रायलॉक' करतात आणि नाही मिळाला तर काम पुन्हा रांगेत टाकतात. चालते, पण मला ते दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखे वाटते. दुसऱ्याची दुरुस्ती म्हणजे नवी रिंग आधी मागणे आणि मिळाली तरच जुनीला हात लावणे. ही सवय लॉकच्या पलीकडेही उपयोगी पडते.

आता पाठवण्याची बाजू. स्टार्ट_एक्समिटला (पॅकेट पाठवणारे फंक्शन, पुढे नुसता एक्समिट) हाक येते तेव्हा त्या क्यूचा पाठवणी-लॉक कोअरने घेतलेला असतो आणि सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर उरकायची कामे) बंद असतात. म्हणजे एकाच क्यूत दोन प्रोसेसर एकदम शिरत नाहीत. अपवाद, तुम्ही स्वतः 'माझे लॉक मी बघतो' असे जाहीर केले तर. व्हर्च्युअल पोर्टांना ते शोभते, हार्डवेअरच्या ड्रायव्हरने त्या फंदात पडू नये. पलीकडे, पाठवून झालेली पॅकेट गोळा करणारे पोल फंक्शन नॅपीखाली चालते, आणि एका नॅपीचे पोल एका वेळी एकाच प्रोसेसरवर. रिंगमध्ये भरणारा एक, काढणारा एक. दोघांचे निर्देशांक वेगळे. अशा रचनेला लॉक लागतच नाही, फक्त कोणाला काय कधी दिसेल याची शिस्त लागते. किमान आकाराचे, ६४ बाइटचे पॅकेट, त्याच्या आधीची खूण आणि मागची मोकळी जागा धरून, १ गिगाबिटच्या तारेवर ६७२ नॅनोसेकंद घेते, १० गिगाबिटवर ६७.२. सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार पॅकेट, तेही १ गिगाबिटवर. या हिशोबात प्रत्येक पॅकेटमागे एक जास्तीचा लॉक दोन प्रोसेसरांमध्ये चेंडूसारखा फिरवत बसणे परवडत नाही.

पण ही शिस्त चुकली की काय होते, ते सांगतो. वीस एक वर्षांपूर्वी मी पवईच्या एका कंपनीत होतो, आमच्या ड्रायव्हरची लॅबमध्ये रात्रभर चाचणी चालायची. पाच-सहा तासांनी कधीतरी पाठवणी पाच सेकंद थांबायची आणि लॉगमध्ये 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट'. पाच सेकंद ही वॉचडॉगची ठरीव मुदत, ड्रायव्हरने दुसरी दिली नाही तर हीच. मग रीसेट, मग सगळे सुरळीत. एक्स८६च्या टेबलावर आठवडाभर काही नाही, एआरएमवर रोज. साहजिकच सगळ्यांनी बोर्डाच्या हार्डवेअरवाल्यांना धारेवर धरले. ते बिचारे ऑसिलोस्कोप घेऊन आठ दिवस बसले.

दोष आमचाच होता. रिंग भरली की एक्समिट 'नेटिफ_स्टॉप_क्यू' करतो. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर पोल सगळी रिंग रिकामी करतो आणि बघतो, क्यू थांबलेली आहे का? अजून नाही, म्हणून उठवत नाही. मग एक्समिटचा 'थांबली' बिट पडतो. आता रिंग रिकामी, क्यू थांबलेली, आणि उठवणारा कोणी उरलेला नाही. यावर उपाय सर्वांना माहीत असतो: क्यू थांबवल्यावर एक्समिटने जागा पुन्हा एकदा मोजायची आणि मिळाली तर स्वतःच क्यू उठवायची. आम्ही तेही केले होते. राहिला होता तो मधला मेमरी बॅरिअर, म्हणजे आधीचे-नंतरचे वाचन-लेखन क्रमानेच व्हावे ही सक्ती. बिट टाकणे आणि जागा पुन्हा वाचणे यांचा क्रम प्रोसेसरने उलटा केला तर त्या पुन्हा मोजण्याला काही अर्थ नाही. एक्स८६वर 'सेट_बिट' ही लॉक उपसर्गाची सूचना असते, ती आपसूक पुरा बॅरिअर ठरते, त्यामुळे आमची चूक झाकली गेली. एआरएमवर 'सेट_बिट' असा कुठलाही क्रम पाळायला बांधील नाही. पोलच्या बाजूला बॅरिअर होता, एक्समिटच्या बाजूला नव्हता, आणि बॅरिअर नेहमी जोडीनेच उपयोगी पडतो. एक ओळ घातली. हार्डवेअरवाल्यांना वडापाव खिलवून प्रकरण मिटवले.

आता हे सगळे हाताने लिहायची गरज नाही. २०२३ पासून, म्हणजे ६.४ पासून, कर्नलमध्ये यासाठी तयार मॅक्रो आहेत: थांबवण्याच्या बाजूला 'नेटिफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप' आणि उठवण्याच्या बाजूला 'नेटिफ_टीएक्सक्यू_कम्प्लीटेड_वेक'. बॅरिअर आत बसवलेले आहेत. तेच वापरा. रिंग पुरती भरायच्या आधी थांबायचे, म्हणजे सगळ्यात जास्त तुकड्यांचे एक पॅकेट मावेल एवढी जागा राखून. असे केले तर 'बिझी' परतवण्याची वेळ येत नाही. आलीच तर त्या एसकेबीला, म्हणजे पॅकेट धरणाऱ्या स्ट्रक्चरला, हात लावू नका, तो अजून कोअरचा आहे. उलट पॅकेट टाकून द्यायचे असेल तर एसकेबी मोकळा करा आणि 'ओके' परतवा. हे दोन उलटेपालटे केलेले ड्रायव्हर मी मोजायचे सोडून दिले आहे.

एक्समिटबद्दल अजून एक, फार कमी लोकांना माहीत असलेले. नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारी सोय) चालू असेल तर कर्नलचा संदेश छापताना तुमच्या एक्समिटला इंटरप्ट बंद असतानाही हाक येऊ शकते. म्हणजे आत तुम्ही 'स्पिन_अनलॉक_आयआरक्यू' केले तर दुसऱ्याने बंद केलेले इंटरप्ट तुम्ही उघडून बसाल. आत लॉक घ्यावाच लागला तर 'आयआरक्यूसेव्ह'चाच. तसेच पोलला बजेट (एका हाकेत किती पॅकेट हाताळायची ती मर्यादा) शून्य देऊन हाक येऊ शकते. तेव्हा पाठवलेली पॅकेट गोळा करायची, आलेल्यांना हात लावायचा नाही.

इंटरप्ट हँडलर जितका आखूड तितका बरा: कंट्रोलरचे इंटरप्ट झाका, नॅपी शेड्यूल करा, परत या. पोलने बजेटपेक्षा कमी काम केले तरच 'नॅपी_कम्प्लीट_डन' म्हणायचे आणि त्यानंतर इंटरप्ट उघडायचे, आधी नाही. बजेट पुरे वापरले असेल तर काही न म्हणता तेवढा आकडा परतवायचा. कोअर पुन्हा बोलावतो.

लॉक निवडण्याचा प्रश्न खरा इथे येतो. समजा इंटरप्ट झाकण्याच्या रजिस्टरची एक प्रत तुम्ही मेमरीत ठेवता, आणि ती हँडलरही बदलतो, इथटूलचे फंक्शनही. इथटूलच्या फंक्शनने साधा 'स्पिन_लॉक' घेतला आणि त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला तर हँडलर तोच लॉक मागणार. लॉक ज्याच्याकडे आहे ते फंक्शन हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही, आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपणार नाही. एका प्रोसेसरवर स्वतःच स्वतःला कोंडून घेतले. म्हणून लॉकच्या भागीदारांत सगळ्यात वरचा कोण ते बघायचे. हँडलर भागीदार असेल तर बाकी सगळ्यांनी इंटरप्ट बंद करूनच तो घ्यायचा. वरचा भागीदार सॉफ्टआयआरक्यू असेल, म्हणजे पोल किंवा साधा टायमर, तर प्रोसेस कॉन्टेक्स्टमधल्याने, म्हणजे साध्या प्रोसेसच्या वतीने चालणाऱ्याने, 'स्पिन_लॉक_बीएच' घ्यायचा. दोन्ही बाजू झोपू शकणाऱ्या असतील तर सरळ म्यूटेक्स. आणि लॉक हा डेटाचा असतो, फंक्शनचा नाही. स्ट्रक्चरमध्ये लॉकच्या शेजारी लिहून ठेवा की हा अमुक अमुक फील्डांसाठी. तुमच्या वरिष्ठांच्या स्पिनलॉकबद्दल हा प्रश्न विचारला असता तर उत्तर आले नसते.

मल्टिकास्टची (एकदम अनेकांना जाणाऱ्या पॅकेटांच्या पत्त्यांची) यादी बदलली की 'सेट_आरएक्स_मोड'ची हाक येते. ती पत्त्यांच्या यादीच्या स्पिनलॉकखाली येते, झोप मना. मेमरी-मॅप्ड रजिस्टर असलेल्या तुमच्या कंट्रोलरला अडचण नाही. पण चिप एसपीआयवर (थोड्या तारांची सीरियल बस) असेल तर पंचाईत, कारण एसपीआयचा व्यवहार झोपतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे ईएनसी२८जे६० चे छोटे मॉड्यूल घ्या, १० मेगाबिटचे, ८ किलोबाइट बफरचे. त्याचा कर्नलमधला ड्रायव्हर शिकायला फार छान आहे. एक्समिट फक्त क्यू थांबवतो, एसकेबी बाजूला ठेवतो आणि काम वर्कक्यूवर सोपवतो. सेट_आरएक्स_मोडही तसेच. खरे बोलणे नंतर, म्यूटेक्सखाली. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक इंटर्नला मी भडकमकर मार्गावर पाठवून ते मॉड्यूल आणायला लावतो. पाट्यांवर हेच नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावे लागते.

आकडेवारीचा विषय किरकोळ वाटतो, तरी ३२ बिटच्या एआरएमवर तो चावतो. १ गिगाबिट पुऱ्या वेगाने चालले तर ३२ बिटचा बाइट-काउंटर ३४ सेकंदांत पालथा पडतो. म्हणून ६४ बिट हवेत. पण ३२ बिटच्या प्रोसेसरवर ६४ बिटचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो, आणि मधल्या क्षणात वरचा तुकडा बदलला तर आलेखावर चार गिगाबाइटची उडी दिसते. 'यू६४_स्टॅट्स_सिंक' यासाठीच आहे. वाचणारा बघतो की मध्येच लिहिणे झाले का, झाले असेल तर पुन्हा वाचतो. ६४ बिटच्या प्रोसेसरवर त्याचा खर्च जवळपास नाही. आकडेवारीची हाक आरसीयूखालीही (लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत) येऊ शकते, तेव्हा तिथे झोपायचे नाही, फर्मवेअरला विचारायला तर मुळीच जायचे नाही.

लॉकने न सुटणारा एक भागीदार राहिला: कंट्रोलर स्वतः. लॉक हा प्रोसेसरांचा आपसातला करार, इथरनेट कंट्रोलरने तो वाचलेला नाही. डिस्क्रिप्टरमध्ये (रिंगमधल्या एका नोंदीत) पत्ता आणि लांबी लिहिली, मग मालकीचा बिट फिरवला, तर मधे 'डीएमए_डब्ल्यूएमबी' हा लेखनाचा बॅरिअर हवा. नाहीतर कंट्रोलरला मालकी आधी दिसेल, पत्ता जुनाच. वाचताना उलट, आधी मालकी, मग 'डीएमए_आरएमबी', मग बाकीचे फील्ड. घंटी वाजवायला, म्हणजे नवे काम आल्याचे कंट्रोलरला कळवायला, 'राइटएल' वापरलात तर आधीचे मेमरीतले लिखाण कंट्रोलरला दिसेल याची हमी त्यातच असते. वेगासाठी 'राइटएल_रिलॅक्स्ड' कराल तर हमी गेली.

शेवटी बंद करण्याचा क्रम, कारण तुमच्या रीसेटमध्ये तोही उलटा आहे. रविवारच्या मेगाब्लॉकला सिग्नल लाल केला म्हणजे रूळ मोकळा झाला, असे गँगमन धरून चालत नाही. आत शिरलेली लोकल बाहेर पडावी लागते, मगच ओव्हरहेडचा पुरवठा तोडतात. 'नेटिफ_स्टॉप_क्यू' म्हणजे नुसता लाल सिग्नल. दुसऱ्या प्रोसेसरवर एक्समिट त्या क्षणी आत असू शकतो. 'नेटिफ_टीएक्स_डिसेबल' प्रत्येक क्यूचा लॉक घेऊन थांबवते, म्हणून ते परत आले की आत कोणी नाही याची खात्री. पण तुम्ही ते आधी करता आणि 'नॅपी_डिसेबल' नंतर. मधल्या फटीत पोल येतो, बघतो की क्यू थांबली आहे आणि जागा आहे, आणि इमानेइतबारे क्यू उठवतो. पुढच्या ओळीत तुम्ही रिंग मोकळी करता, एक्समिट त्याच रिंगमध्ये लिहितो. उठवणाऱ्याला आधी झोपवा, मग ज्याला उठवले जाते त्याला: फायचा स्टेट मशीन आणि टायमर, मग कंट्रोलरचे इंटरप्ट झाकून 'सिंक्रोनाइझ_आयआरक्यू', मग नॅपी, मग क्यू, मग डीएमए (कंट्रोलरने स्वतः मेमरी वाचणे-लिहिणे) थांबल्याची खातरजमा, आणि सगळ्यात शेवटी मेमरी. टायमर थांबवताना 'सिंक' असलेलेच रूप वापरा, आणि टायमरचे फंक्शन जो लॉक मागते तो तेव्हा हातात ठेवू नका. वर सांगितलेल्या शिक्का-सहीचाच तो दुसरा अवतार.

स्टॉपमध्ये हा क्रम चुकला तरी बऱ्याचदा निभावते, कारण स्टॉपला हाक मारण्याआधी कोअरने वरून येणारी पाठवणी आणि वॉचडॉग थांबवलेले असतात. रीसेटला ते कवच नाही. म्हणून तुमचा ड्रायव्हर रोजच्या चालू-बंदमध्ये शहाणा आणि रीसेटमध्ये वेडा वागतो.

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर हार्डवेअरला जोडणाऱ्या फंक्शनमध्ये, हेच उलट्या दिशेने. 'रजिस्टर_नेटडेव्ह' सगळ्यात शेवटी, कारण ते परत यायच्या आत ओपनची हाक येऊ शकते. इंटरप्ट नोंदवलात की त्या ओळीपासून हँडलर केव्हाही येईल असे समजा. सामायिक इंटरप्ट असेल तर 'डीबग_एसएचआयआरक्यू' हा पर्याय लावून बघा, नोंदणी काढून घेताना कर्नल मुद्दाम हँडलरला खोटी हाक मारतो.

तुमच्या बोर्डावर पुढे रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा) कर्नल जाणार असेल तर एवढे ध्यानात ठेवा: ६.१२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, तो मुख्य कर्नलमध्ये आहे, आणि त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकणारा होतो. वरचे नियम पाळलेला ड्रायव्हर सहसा जसाच्या तसा चालतो. 'लोकल_आयआरक्यू_डिसेबल' करून काम भागवणारा चालत नाही.

आता तुम्ही करायचे ते. डीबग कर्नल बनवा, त्यात 'प्रूव्ह_लॉकिंग' आणि 'डीबग_अॅटॉमिक_स्लीप' चालू करा. पहिला पर्याय म्हणजे लॉकडेप, २००६ पासून, २.६.१८ पासून कर्नलमध्ये आहे. त्याची खुबी अशी, की कोंडी प्रत्यक्ष व्हावी लागत नाही. लॉक कुठल्या क्रमाने घेतले गेले याची तो नोंद ठेवतो, आणि उद्या कोंडी होऊ शकते असे दिसले की आजच ओरडतो. वर्कक्यूतल्या कामाची वाट बघणेही तो लॉकसारखेच धरतो. म्हणजे तुमची आरटीएनएलची गाठ त्याने एका रीसेटनंतर आणि एका डाउननंतर दाखवायला हवी, दोघांची वेळ जुळायची गरज नाही. गृहीतके कोडमध्येच लिहा: आरटीएनएल हातात हवा तिथे 'अॅसर्ट_आरटीएनएल', स्वतःच्या लॉकसाठी 'लॉकडेप_अॅसर्ट_हेल्ड'. कॉमेंट खोटी पडली तर कोणाला कळत नाही, ही ओळ खोटी पडली तर लॉग भरतो.

मग एका टोकाला आयपर्फ (नेटवर्कवर भार टाकणारा प्रोग्रॅम) लावा, बोर्डावर पोर्ट वर-खाली करणारा लूप, जोडीला तिसऱ्या खिडकीतून इथटूलने रिंगचा आकार बदलत राहा, आणि अधूनमधून केबल हाताने उपटा. संध्याकाळी निघताना सुरू करून जा. सकाळी लूप थांबलेला दिसला तर बोर्ड रीबूट करू नका. आधी तो पीआयडी, त्याची स्टॅक फाइल आणि लॉकडेपचा पहिला इशारा एवढे उतरवून घ्या. पहिलाच, कारण एकदा ओरडल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो आणि त्यापुढच्या शांततेचा काही अर्थ नसतो.